एकतर्फी हुकूमनामा आणि पक्षकाराची हयगय

दिवाणी दाव्यातला प्रतिवादी तारखेला आला नाही, तर न्यायालय त्याच्यासाठी थांबून राहत नाही. समन्स त्याला रीतसर पोचले आहे अशी खात्री पटली की दावा त्याच्या गैरहजेरीत पुढे सरकतो, वादीचा पुरावा नोंदवला जातो आणि निकाल लागतो. त्यातून निघणारा तो एकतर्फी हुकूमनामा. कोर्टाच्या आवारात त्याला नुसते ‘एकतर्फा’ म्हणतात. नाव काहीसे हलके वाटले तरी त्याची ताकद कमी नसते. दोन्ही बाजू ऐकून दिलेल्या हुकूमनाम्याइतकाच तो पक्का असतो. त्याच्या आधारे अंमलबजावणीची दरखास्त दाखल करून जप्ती आणता येते, जागेचा ताबा घेता येतो, वाटप करून घेता येते. बहुतेक प्रतिवाद्यांना आपल्याविरुद्ध असा काही निकाल लागला आहे हे पहिल्यांदा कळते तेच दरखास्तीची नोटीस घेऊन बेलिफ दारात उभा राहतो तेव्हा.

अशा वेळी हुकूमनामा रद्द करून दावा पुन्हा उभा करता येतो का, याचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या आदेश ९, नियम १३ मध्ये आहे. नियम तसा जुना. १८८२ च्या संहितेत कलम १०८ म्हणून तो जवळपास याच शब्दांत होता. ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला त्याच न्यायालयात अर्ज करायचा आणि दोनांपैकी एक गोष्ट पटवून द्यायची: एक तर समन्सची योग्य बजावणी झाली नव्हती, किंवा सुनावणीला हजर न राहण्यास पुरेसे कारण होते. हुकूमनामा चुकीचा आहे, वादीचे म्हणणे खोटे आहे, जमीन मुळात आपलीच आहे, हे मुद्दे येथे गौण ठरतात. दावा कोण जिंकायला हवा होता हा या अर्जाचा विषय नाही. प्रतिवादी का आला नाही, एवढेच येथे पाहिले जाते. अनेक अर्ज पानेच्या पाने मालकी हक्काची कहाणी सांगतात आणि गैरहजेरीवर दोन ओळीही खर्च करत नाहीत. ते फेटाळले गेले की पक्षकाराला तो अन्याय वाटतो.

गैरहजेरी आणि हुकूमनामा यांच्यामध्ये बराच काळ जातो, आणि त्या काळात सावरण्याची सोय कायद्यानेच ठेवली आहे. प्रतिवादी पहिल्या तारखेला आला नाही म्हणून दावा त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालवण्याचा आदेश झाला, तरी नियम ७ प्रमाणे तो पुढच्या तारखेला येऊन आधीच्या गैरहजेरीचे योग्य कारण देऊ शकतो. कारण पटले, तर जणू तो पहिल्यापासून हजर होता असे समजून त्याला लेखी कैफियत देता येते. कारण पटले नाही, तरीही त्याला दाराबाहेर काढले जात नाही. १९५५ मध्ये संग्राम सिंह यांच्याविरुद्धच्या निवडणूक अर्जाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी हे स्पष्ट केले. मागे गेलेला टप्पा परत मिळणार नाही, पण आला त्या टप्प्यापासून पुढे त्याला भाग घेता येतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते, युक्तिवाद करता येतो. कार्यपद्धतीचे नियम न्यायाला मदत व्हावी म्हणून आहेत, माणसाला पाय घालून पाडण्यासाठी नाहीत, हा त्या निकालाचा गाभा. आजही एकतर्फ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक युक्तिवादात त्याचा आधार घेतला जातो. ही सोय मात्र युक्तिवाद संपेपर्यंतच मिळते. सुनावणी पुरी होऊन प्रकरण निकालासाठी राखून ठेवले की नियम ७ चा अर्ज चालत नाही, असे १९६३ मध्ये ठरले. त्यानंतर उरतो तो नियम १३.

एकतर्फी चालणाऱ्या दाव्यातही वादीने मागितले आणि मिळाले असे व्हायला नको. प्रतिवादी नाही म्हणजे वादीचे सगळे खरे, असे कायदा मानत नाही. दाव्यातली विधाने निदान वरवर पाहता तरी पुराव्याने सिद्ध झाली पाहिजेत, आणि निकालपत्रात त्याची कारणे दिसली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ आणि २००३ मध्ये बजावले आहे. प्रत्यक्षात कामाचा ढीग इतका असतो की पुराव्याचे शपथपत्र दाखल झाले, कागदांवर निशाणी पडली, उलटतपास नाही अशी नोंद झाली आणि दीड-दोन पानांत निकाल आला, असेही घडते. असा तोकडा निकाल हा अपिलातला चांगला मुद्दा असतो. नियम १३ च्या अर्जात त्याचा फारसा उपयोग होत नाही.

समन्सचा मुद्दा दोन कारणांपैकी सोपा वाटतो, कारण त्यात पक्षकाराच्या वागण्याचा प्रश्नच येत नाही. समन्स पोचलेच नसेल तर हयगय कसली? पण ‘पोचले नाही’ आणि ‘रीतसर पोचले नाही’ यांत अंतर आहे. आदेश ५ प्रमाणे प्रतिवादी घरी नसेल आणि लवकर येण्याचा संभव नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या प्रौढ माणसाकडे, मग तो पुरुष असो वा स्त्री, समन्स देता येते. घरच्या नोकराकडे नाही. कोणी घेत नसेल तर बेलिफ दारावर प्रत चिकटवतो आणि ती कधी, कोणत्या परिस्थितीत, कोणासमक्ष चिकटवली याचा अहवाल देतो. महाराष्ट्रातल्या वाटपाच्या दाव्यांत या तरतुदींचे एक नेहमीचे रूप दिसते. एक भाऊ गावात जमीन कसतो, दुसरा तीस वर्षे मुंबईत नोकरी करतो, रेशनकार्डही तिकडचेच. दाव्यात मात्र त्याचा पत्ता गावचा दिलेला असतो. बेलिफ गावच्या घरी जातो, घरातले कोणीतरी समन्स घेते आणि सही करते. ते ‘कोणीतरी’ वादीच्याच बाजूचे असले, तर मुंबईच्या भावाला दाव्याची वार्ताही लागत नाही. असा प्रतिवादी मुंबईतल्या वास्तव्याचे पुरावे घेऊन आला, म्हणजे नोकरीचा दाखला, वीजबिले, मतदार यादीतले नाव, तर बजावणी योग्य नव्हती हे दाखवणे त्याला फारसे जड जात नाही.

या मुद्द्याचा गैरवापरही पूर्वी पुष्कळ होत असे. दाव्याची पूर्ण माहिती असलेला प्रतिवादी बेलिफाच्या अहवालातली एखादी किरकोळ उणीव पकडून वर्षानुवर्षांनी हुकूमनामा उलटवू पाहत असे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने, जो १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आला, नियम १३ ला एक परंतुक जोडले. प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची माहिती होती आणि हजर राहून उत्तर द्यायला पुरेसा वेळही होता असे दिसले, तर केवळ बजावणीतल्या अनियमिततेमुळे हुकूमनामा रद्द करता येणार नाही. येथे शब्द तोलून वापरले आहेत. माहिती हवी ती सुनावणीच्या तारखेची. ‘कोर्टात काहीतरी केस घातली आहे असे कानावर आले होते’ एवढ्याने परंतुक लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. शिवाय समन्स मुळीच बजावले गेले नसेल तर ती अनियमितता नव्हे. तेथे परंतुकाचा आधार वादीला मिळत नाही.

टपालाने आलेले पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत गेले, तर मात्र प्रतिवादीची बाजू लंगडी होते. योग्य पत्त्यावर पाठवलेले नोंदणीकृत टपाल पोचले असे गृहीत धरण्याचा नियम सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे, आणि नकार देणे म्हणजे पोचणेच मानले जाते. पोस्टमन नकाराचा शेरा खोटा मारतो असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे असते. बजावणीची साधनेही वाढली आहेत. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका वसुली प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचे मानले, कारण ती मोबाइलवर पोचली आणि उघडलीही गेली हे चिन्हांवरून दिसत होते. घर बदलून बेलिफाला चुकवणाऱ्यांची तेवढी गैरसोय झाली.

खरी चर्चा रंगते ती दुसऱ्या कारणावर. समन्स मिळाले होते, तारीख माहीत होती, तरी प्रतिवादी आला नाही. आता ‘पुरेसे कारण’ म्हणजे काय? संहितेने त्याची व्याख्या केलेली नाही, आणि ते शहाणपणाचेच आहे. माणसाच्या अडचणींची यादी कोणत्या मसुदाकाराला पुरी करता आली असती? अपघात, आजारपण, घरातला मृत्यू, पूर, दंगल, बंद पडलेली एसटी, डायरीत चुकीची लिहिली गेलेली तारीख, ही सारी कारणे वेगवेगळ्या प्रकरणांत मान्य झाली आहेत आणि वेगवेगळ्या प्रकरणांत अमान्यही. निर्णय कारणाच्या नावावर होत नाही, त्यामागच्या वागण्यावर होतो. सुनावणीला हजर राहण्याचा पक्षकाराचा प्रामाणिक इरादा होता का, आणि त्यासाठी त्याने आपल्याकडून शक्य ते केले का, ही कसोटी. ज्याने हयगय केली, ज्याच्या हेतूत खोट होती किंवा जो काहीच न करता स्वस्थ बसला, त्याच्याजवळ पुरेसे कारण नाही असे समजले जाते.

ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिल्लीतल्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात लावली. पतीने १९८९ मध्ये एकतर्फी हुकूमनामा मिळवला होता. पत्नीच्या पत्त्यावर पाठवलेले नोंदणीकृत टपाल नाकारल्याच्या शेऱ्यासह परत आले होते आणि वर्तमानपत्रातही समन्स छापले गेले होते. तिने हुकूमनामा रद्द करण्यासाठी अर्ज केला तो चार वर्षांनी, डिसेंबर १९९३ मध्ये. तोवर पतीचे दुसरे लग्न झाले होते. मूळ न्यायालयाने अर्ज फेटाळला, उच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय पुसून मूळ न्यायालयाचा कायम केला. उच्च न्यायालयाने बजावणीच्या गृहीतकाकडे आणि उशिराच्या प्रश्नाकडे नीट लक्षच दिले नाही, असे त्याचे कारण. या निकालातली हयगयीची व्याख्या आता प्रत्येक प्रतिपक्ष तोंडपाठ करून येतो.

तरीही हयगय झाली म्हणजे सगळे संपले असा त्याचा अर्थ नाही, आणि येथेच या कायद्यातला सर्वांत उपयोगी बारकावा आहे. पुरेसे कारण कोणत्या दिवसापुरते पाहायचे? २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. ज्या तारखेच्या गैरहजेरीमुळे दावा एकतर्फी चालवला गेला, त्या तारखेपुरते. त्याआधी प्रतिवादीने किती तारखा मागितल्या, कैफियतीला किती उशीर केला, किती वेळा तहकुबीचा खर्च भरला, हा इतिहास उकरून त्याच्यावर बेजबाबदारपणाचा शिक्का मारायचा आणि तेवढ्यावरून अर्ज फेटाळायचा, हे चालणार नाही. एरवी ढिसाळ असलेला माणूस त्या एका दिवशी खरोखरच रुग्णालयात असू शकतो. उलट, दहा तारखा नेमाने हजर राहिलेला माणूस अकराव्या दिवशी निव्वळ आळसाने घरी बसू शकतो. पक्षकाराच्या स्वभावाला गुण देणे हे न्यायालयाचे काम नाही. त्या दिवशी काय घडले ते शोधणे हे काम आहे.

म्हणून अर्जात तपशील आणि कागद यांना पर्याय नसतो. ‘अर्जदार आजारी होता’ हे वाक्य न्यायाधीशांनी इतक्या वेळा वाचलेले असते की त्यावर नजर थांबतच नाही. कोणता आजार, कोणत्या तारखा, कोणते रुग्णालय, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, हे असले तर ते वाक्य जिवंत होते. निकालानंतर पाच महिन्यांनी लिहून घेतलेले डॉक्टरांचे मोघम प्रमाणपत्र मदतीपेक्षा अपायच जास्त करते. अर्जाची नोटीस समोरच्या पक्षाला दिल्याशिवाय नियम १४ प्रमाणे हुकूमनामा रद्द होतच नाही, त्यामुळे अर्जदाराला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला तोंड द्यावे लागू शकते. त्या दिवशी ताप होता म्हणणारा माणूस त्याच दिवशी तहसील कचेरीत फेरफाराच्या अर्जावर सही करून आलेला निघाला, तर पुढे बोलण्यासारखे काही राहत नाही.

सीमेवरच्या जवानाची गोष्ट वेगळी. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकांसाठी १९२५ चा भारतीय सैनिक (खटले) कायदा आहे. त्यात अशा सैनिकाविरुद्धचे दावे तहकूब ठेवण्याची आणि झालेला हुकूमनामा रद्द करण्याची स्वतंत्र तरतूद आहे. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडच्या ज्या गावांत घरटी एक माणूस फौजेत असतो तिथेही हा कायदा फारसा कोणाला ठाऊक नसतो.

सर्वांत अधिक अर्ज मात्र आजारपणाचे नसतात. ‘वकिलांनी कळवलेच नाही’ हे खरे लोकप्रिय कारण. पक्षकार वकीलपत्रावर सही करतो, फी देतो आणि आपले काम झाले असे समजून गावी परततो. नंतर वकील तारखेला जात नाही, किंवा दुसऱ्या कोर्टात अडकतो, किंवा वकिली सोडून देतो. या हयगयीचा भार कोणी वाहायचा? १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षकाराच्या बाजूने कौल दिला. ते प्रकरण अपील गैरहजेरीत निकाली निघाल्याचे होते, पण तत्त्व तेच. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी म्हटले की खेड्यातल्या माणसाने चांगला वकील नेमला, त्याला पैसे दिले, यापलीकडे तो काय करणार? वकील कोर्टात उभा राहिला की नाही हे पाहायला त्याने उच्च न्यायालयात पहारा द्यायचा काय? अपील पुन्हा उभे करण्यात आले आणि त्याचा दोनशे रुपये खर्च गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितला गेला.

बारा वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच न्यायालयाने या तत्त्वाला कुंपण घातले. कोलकात्यातल्या एका जागेच्या दाव्यात प्रतिवादी ही खासगी कंपनी होती. आपले किरकोळ अर्ज आधी निकाली निघतील, तोवर हजर राहण्याची गरज नाही, असा सल्ला वकिलाने दिला म्हणून कोणीच आले नाही, अशी तिची सबब होती. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी ती मानली नाही. वकील हा पक्षकाराचा प्रतिनिधी असतो आणि त्याने केलेले किंवा न केलेले सामान्यतः पक्षकाराचेच समजले जाते. सुशिक्षित अधिकारी असलेल्या, त्याच शहरात कचेरी असलेल्या कंपनीने वकिलाकडे बोट दाखवून मोकळे होणे आणि दूरच्या खेड्यातल्या निरक्षर माणसाने तसे म्हणणे यांत फरक आहे. दोन्ही निकाल आज शेजारी शेजारी ठेवूनच वाचायचे असतात. आता मोबाइलवर ई-कोर्टाच्या ॲपमध्ये प्रकरणाचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि आधीच्या तारखांना काय झाले ते दिसते. त्यामुळे ‘मला काहीच कळले नाही’ या म्हणण्याची किंमत दरवर्षी घटत चालली आहे. ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही किंवा ज्याला इंग्रजी स्क्रीन वाचता येत नाही, त्याच्या बाबतीत हे गणित न्यायालयांनी सरसकट लावू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

अर्ज करण्याची मुदत फार थोडी आहे. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १२३ प्रमाणे हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीस दिवस. समन्सची योग्य बजावणी झालीच नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून तीस दिवस. वर्तमानपत्रातून किंवा तत्सम पर्यायी मार्गाने झालेली बजावणी या अनुच्छेदापुरती योग्य बजावणी धरली जात नाही, त्यामुळे अशा प्रतिवादीलाही माहितीच्या तारखेपासून मोजणी मिळते. माहिती कधी झाली हे मात्र त्यानेच दाखवायचे. तीस दिवस उलटले असतील तर कलम ५ खाली विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. तेथे पुन्हा ‘पुरेसे कारण’ लागते. म्हणजे हयगयीची परीक्षा दोनदा होते: तारखेला का आला नाहीस, आणि कळल्यावर इतके दिवस काय करत होतास. पहिल्या प्रश्नाचे उत्तम उत्तर असलेले अनेक जण दुसऱ्यात नापास होतात.

विलंब माफीत न्यायालयांचा हात सैल की आखडता, याचे ठाम उत्तर निकालांतून मिळत नाही. १९८७ मध्ये अनंतनागच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या भूसंपादन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उदार धोरणाचा पुरस्कार केला. उशिरा येऊन कोणाचा फायदा होत नसतो, म्हणून उशिरामागे कपट आहे असे गृहीत धरू नये, हा त्यातला विचार. १९९८ चे एक प्रकरण तर एकतर्फ्याच्या फेऱ्यातलेच होते. हुकूमनामा रद्द करण्याचा अर्जच पुन्हा गैरहजेरीमुळे फेटाळला गेला आणि तो परत उभा करायला ८८३ दिवसांचा उशीर झाला. कारण वकिलाने काहीच कळवले नव्हते. पक्षकाराने नुसते रडगाणे गायले नाही. त्याने वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात तक्रार केली आणि पन्नास हजारांची भरपाई मिळवली. सर्वोच्च न्यायालयाने उशीर माफ केला. उशीर किती दिवसांचा हे महत्त्वाचे नाही, त्याचा खुलासा पटण्याजोगा आहे का हे महत्त्वाचे, असे त्यात ठरले. खुलासा नसेल तर चार दिवसांचा उशीरही नडतो, आणि असेल तर अडीच वर्षांचाही खपतो. दहा हजारांचा खर्च मात्र त्याला समोरच्या पक्षाला द्यावा लागला. २०१२ पासून सूर थोडा कडक झालेला दिसतो. त्या वर्षी टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, ही सरकारी सबब आता पुरेशी नाही, असे त्याने सांगितले.

अर्ज मंजूर झाला तरी तो फुकट होत नाही. नियम १३ मधल्या ‘योग्य वाटतील त्या अटींवर’ या शब्दांमुळे न्यायालयाला बराच वाव आहे. वादीने दावा चालवण्यात पैसा आणि वर्षे घातलेली असतात. प्रतिवादीच्या हयगयीमुळे ती पाण्यात जाणार असतील तर त्याची काही भरपाई व्हायला हवी. म्हणून अर्जदाराला खर्च भरायला लावतात. रकमेच्या दाव्यात हुकूमनाम्याची काही रक्कम, क्वचित सगळीच, कोर्टात जमा करायला सांगतात. भाड्याच्या दाव्यात थकलेले भाडे भरण्याची अट घालतात. किंचित हयगय झाली आहे, पण बाजू ऐकण्याजोगी आहे, अशा मधल्या प्रकरणांना हाच मार्ग सर्वांत न्याय्य ठरतो. अर्ज सरळ फेटाळण्याइतका दोष नाही आणि सरळ मंजूर करण्याइतकी निर्दोषताही नाही, तेव्हा खर्चाच्या रकमेतून तोल साधला जातो. ही अट इतकी जड असू नये की माणसाला ती पाळताच येणार नाही आणि मंजूर झालेला अर्ज नामंजूर झाल्यातच जमा होईल. दिलेल्या मुदतीत खर्च भरला नाही तर अर्ज आपोआप फेटाळला गेला असे समजावे, अशी ओळ आदेशात अनेकदा असते. वकिलाच्या घरी आदेशाची प्रत पडून राहते आणि त्या एका ओळीमुळे सगळी मेहनत वाया जाते, हे प्रकार कमी नाहीत.

कनिष्ठ न्यायालयाने अर्ज फेटाळला, तर त्या आदेशावर आदेश ४३ खाली अपील होते. याखेरीज एकतर्फी हुकूमनाम्यावर थेट अपील करण्याचा हक्क संहितेच्या कलम ९६(२) मध्ये आहे. अपिलात खुद्द निकालाचे गुणदोष तपासता येतात, पण दाव्याच्या रकमेनुसार कोर्ट फी भरावी लागते. नियम १३ च्या अर्जाला ती नाममात्र असते. दोन्ही एकाच वेळी दाखल करायला मनाई नाही. त्यात एक सापळा मात्र आहे. अपिलाचा निकाल आधी लागला, मग तो कोणत्याही कारणाने असो, तर नियम १३ चा अर्ज त्यानंतर चालत नाही. अपवाद फक्त अपील मागे घेतल्याचा. मुदतबाह्य म्हणून फेटाळलेले अपीलसुद्धा हे दार बंद करते, हे १९८२ पासून ठरलेले आहे. उलट क्रमाने गेले तर नुकसान कमी. अर्ज फेटाळला गेल्यावरही हुकूमनाम्याच्या गुणदोषांवर अपील करता येते, पण गैरहजेरीचे कारण तेथे पुन्हा उगाळता येत नाही, असे २००४ चा निकाल सांगतो. आणि अर्जात वर्षे गेल्यामुळे अपिलाला उशीर झाला असेल, तर तो काळ विलंब माफीसाठी विचारात घेता येतो, हे २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका भाऊबंदकीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

काही न्यायालयांत नियम अधिक कडक आहेत. १८८७ च्या प्रांतिक लघुवाद न्यायालय अधिनियमाखाली चाललेल्या दाव्यात अर्जासोबतच हुकूमनाम्याची रक्कम भरावी लागते किंवा आधी परवानगी घेऊन तारण द्यावे लागते. ही अट पाळली नाही तर अर्ज विचारातच घेतला जात नाही. चेक, वचनचिठ्ठी किंवा लेखी करारावरच्या संक्षिप्त दाव्यांत आदेश ३७, नियम ४ लागतो. तेथे पुरेसे कारण पुरत नाही, ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते, आणि दाव्याविरुद्ध खरोखर बचाव आहे हेही सांगावे लागते. ग्राहक आयोगांची गोष्ट आणखी निराळी. जिल्हा आणि राज्य आयोगांना स्वतःचा एकतर्फी आदेश रद्द करण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात ठरवले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही तो अधिकार केवळ राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. जिल्हा आयोगात गैरहजर राहिलेल्या दुकानदाराला किंवा बिल्डरला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करावे लागते, तेही आदेशातल्या रकमेपैकी निम्मी रक्कम आधी भरून.

नुसता अर्ज दाखल केल्याने दरखास्त थांबत नाही. तिला स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती मागायला विसरणे ही या प्रवासातली शेवटची, कदाचित सर्वांत महाग पडणारी हयगय आहे. हुकूमनामा रद्द झाला की दावा गैरहजेरीपूर्वी होता त्या टप्प्यावर परत येतो. अनेक प्रतिवादींपैकी एकानेच अर्ज केला असेल आणि हुकूमनामा तोडता येण्याजोगा नसेल, तर तो सर्वांविरुद्ध रद्द करता येतो. दरम्यान वादीने वसूल केलेली रक्कम किंवा घेतलेला ताबा संहितेच्या कलम १४४ खाली परत मिळतो. पण मालमत्ता लिलावात विकली गेली असेल तर ती कोणी घेतली यावर सगळे अवलंबून असते. वादीनेच घेतली असेल तर परत द्यावी लागते. दाव्याशी संबंध नसलेल्या तिऱ्हाइताने ती घेतली असेल तर नाही. पंजाबातले एक प्रकरण याच स्वरूपाचे होते. काही शे रुपयांच्या एकतर्फी हुकूमनाम्यापोटी घर लिलावात गेले. विक्री कायम होण्याआधीच हुकूमनामा रद्द झाला, तरी तिऱ्हाइताची खरेदी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.